गल्ल्यावर कोण बसतं

२९ मार्च २०२५, पुणे

काल राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाचा निकाल लागला. प्ले स्टोअरच्या बिलिंगवरून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला ९३६.४४ कोटींचा दंड केला होता. तो आता २१६.६९ कोटींवर आला. सगळ्या मथळ्यांत दंडाचा आकडाच आहे. तो पैसा सरकारी तिजोरीत जाणार, आमच्यासारख्या लहान खेळवाल्यांच्या हाती त्यातलं काही पडत नाही. गूगलने वर्चस्वाचा गैरवापर केला, हे न्यायाधिकरणाने अंशतः का होईना पण कायम ठेवलं, ते मला जास्त मोलाचं वाटतं.

संध्याकाळी मामेभावाबरोबर शंभर रुपयांचा हिशेब मांडला, कर बाजूला ठेवून. आमचा खेळ मराठी शब्दकोड्यांचा. कोड्यांचा एक संच कुणी विकत घेतला की शंभरातले पंधरा दुकानाचे, म्हणजे प्ले स्टोअरचे. वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत हा दर, त्यापुढे तीस टक्के. स्पर्धा आयोगाच्या आदेशानंतर भारतात ‘पर्यायी बिलिंग’ आलं, म्हणजे गिऱ्हाइकाने आमच्या पेमेंट गेटवेतून पैसे भरले तर दुकान चार टक्के कमी घेतं. म्हणजे अकरा दुकानाचे आणि कार्डावर दोनेक रुपये गेटवेचे. हाती उरले दोन जास्तीचे. त्या दोन रुपयांत रिफंड, अडकलेले व्यवहार, महिनाअखेरीची जुळवाजुळव, सगळं आमच्या अंगावर. “ताई, दोन रुपयांसाठी हे कोण गळ्यात घेणार?” भाऊ म्हणाला. कुणीच घेत नाही आणि दर असा ठरवणाऱ्याला ते ठाऊक असणारच.

यूपीआयवर व्यापाऱ्याकडून एमडीआर, म्हणजे व्यवहारामागचं शुल्क, घ्यायचं नाही, असा नियम जानेवारी २०२० पासून आहे. कोपऱ्यावरचा वडापाववाला क्यूआर कोडवर पंधरा रुपये घेतो आणि पंधराच्या पंधरा त्याच्या खात्यात पडतात. पैसे इकडून तिकडे नेण्याचा खर्च या देशात जवळजवळ संपला आहे. मग हे अकरा टक्के कशाचे, याचं सरळ उत्तर हवं.

१ मे

महाराष्ट्र दिनाची सुट्टी असूनही सकाळपासून निकालपत्र वाचत बसले आहे. ऐंशी पानं. कॅलिफोर्नियात ओकलंडच्या न्यायाधीश इव्होन गोन्झालेझ रॉजर्स यांनी ॲपलला न्यायालयाच्या अवमानाबद्दल दोषी धरलं आहे.

मागचं थोडं लिहून ठेवते. एपिक गेम्स या खेळ कंपनीच्या ॲपलविरुद्धच्या खटल्यात सप्टेंबर २०२१ मध्ये एपिक दहापैकी नऊ मुद्द्यांवर हरली. एकच गोष्ट पदरात पडली: बाहेर दुसरीकडेही पैसे भरता येतात, हे गिऱ्हाइकाला सांगण्यापासून ॲपलने कुणाला अडवायचं नाही. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दोघांचीही अपिलं ऐकायला नकार दिला आणि हा आदेश लागू झाला. ॲपलने तो पाळला कसा? दुवा द्या म्हणाले, पण त्या दुव्यावरून गेलेल्या माणसाने सात दिवसांत तुमच्याकडे काही घेतलं तर २७ टक्के आम्हाला द्या. त्यात कार्डाचा तीनेक टक्के खर्च मिळवला की झाले पुन्हा तीस. आदेशातला शब्द न् शब्द पाळल्यासारखा दाखवून त्यातला जीव काढून घेतला.

निकालपत्रातला एक तपशील डोक्यातून जात नाही. दुव्यावर बोट लावलं की ॲपलचा पूर्ण पडदाभर इशारा यायचा. तो लिहिताना कंपनीतल्या एकाने सुचवलं होतं की ‘बाहेरची वेबसाइट’ असं घाला, भीतीदायक वाटतं, वरच्यांना आवडेल. मी स्वतः पडद्यावरची वाक्यं लिहिते. आजीच्या वयाचं माणूस अडखळू नये म्हणून एकेका बटणावरच्या दोन शब्दांवर आम्ही दुपार घालवतो. तेच कसब माणूस बिचकावा म्हणून वापरलं जातं, हे वाचून फार वाईट वाटलं.

ॲपलचे फिल शिलर यांनी आदेश पाळावा असं मत कंपनीत मांडलं होतं. प्रमुख टिम कुक यांनी वित्त विभागाचं ऐकलं. त्या विभागाचा एक उपाध्यक्ष शपथेवर खोटं बोलला, असं न्यायाधीशांनी लिहिलं आहे आणि फौजदारी कारवाईच्या विचारासाठी प्रकरण सरकारी वकिलांकडे पाठवलं आहे. आता अमेरिकेत बाहेरच्या दुव्यांवर कमिशन शून्य, तेही आजपासूनच.

३ मे

ॲपलने नियम बदलले, फक्त अमेरिकेतल्या दुकानापुरते.

परवाच्या वाचनातला एक आकडा टिपायचा राहिला. २७ टक्क्यांच्या त्या योजनेसाठी मे २०२४ पर्यंत सुमारे १,३६,००० विकासकांपैकी अर्ज केले फक्त ३४ जणांनी.

११ मे

साताऱ्याहून एका निवृत्त शिक्षिकांचा फोन. रोज सकाळी पूजेनंतर कोडं सोडवतात. नवा संच हवा होता. मी म्हटलं, लवकरच आमच्या वेबसाइटवरही मिळेल, तिथे स्वस्त पडेल, बाई. त्या म्हणाल्या, “नको गं, फोनमध्ये आहे तिथूनच घेते. मुलाने बजावलंय, वेबसाइटवर कार्डाचा नंबर टाकायचा नाही.”

हे ॲपल आणि गूगलच्या बाजूनेही लिहायला हवं. बाईंचा मुलगा चुकीचं सांगत नाही. रोज कुणाचे ना कुणाचे पैसे खोट्या दुव्यावरून लुबाडले जातात. दुकान ॲप तपासतं, पैसे परत मिळवून देतं, बाईंना निर्धास्त ठेवतं. जुलै २००८ मध्ये ५०० ॲप घेऊन ॲपलचं दुकान उघडलं, त्याआधी आमच्यासारख्या दोघांना साताऱ्याच्या फोनपर्यंत पोचायचा रस्ताच नव्हता. या सगळ्याचं मोल आहे आणि ते द्यायला मी तयार आहे. माझा आक्षेप दुसरीकडे आहे. अडत्याने मालावर अडत जरूर घ्यावी, पण शेतकऱ्याने गिऱ्हाइकाला आपल्या शेताचा पत्ताही सांगायचा नाही, असा दम भरू नये. पत्ता सांगायची मोकळीक असली की अडत किती योग्य, ते आपोआप कळतं. बाईंसारखे लोक तरीही दुकानातूनच घेतील आणि ती दुकानाची खरी कमाई असेल.

२१ मे

एपिकचा फोर्टनाइट हा खेळ काल अमेरिकेत आयफोनवर परत आला. जवळजवळ पाच वर्षांनी.

१३ ऑगस्ट २०२० ला एपिकने खेळात स्वतःचं बिलिंग घातलं. हजार व्ही-बक्स, म्हणजे खेळातलं चलन, दुकानातून ९.९९ डॉलर, थेट एपिककडून ७.९९. एकाच पडद्यावर दोन भाव, एकाखाली एक. ॲपल आणि गूगल दोघांनीही त्याच दिवशी खेळ काढून टाकला आणि एपिकने त्याच दिवशी दोघांवर दावे लावले. सगळी तयारी आधीच झाली होती. करार मोडला म्हणून त्या थेट विक्रीवरचे तीस टक्के एपिकला पुढे ॲपलला भरावेच लागले.

एपिकचे प्रमुख टिम स्वीनी यांनी हे धाडस केलं, कारण त्यांना ते परवडणारं होतं. पाच वर्षं आयफोनवरचं उत्पन्न सोडून वकिलांचे पैसे भरणं कुठल्या लहान स्टुडिओला झेपलं असतं? म्हणून मी एपिकची ऋणी आहे. पण त्यांची आरती मी ओवाळणार नाही. याच एपिकवर, फसव्या बटणांनी खेळाडूंच्या, त्यातही मुलांच्या हातून नको ते खर्च करवून घेतले, असा ठपका अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ठेवला. डिसेंबर २०२२ मध्ये त्यासाठी २४.५ कोटी डॉलर परताव्यापोटी द्यायचं कंपनीने कबूल केलं. गल्ला स्वतःच्या हाती आला की तो नीट सांभाळायची जबाबदारीही येते. आमच्या खेळात ‘विकत घ्या’ दाबल्यावर दुसऱ्यांदा विचारायचंच, असं आज ठरवलं.

५ जून

अवमानाच्या निकालाला स्थगिती द्यावी ही ॲपलची विनंती अपील न्यायालयाने फेटाळली. अमेरिकेतल्या आवृत्तीत दुवा घालायचं काम सुरू केलं.

१ ऑगस्ट

काल नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने एपिक विरुद्ध गूगल खटल्यातला गूगलविरुद्धचा निकाल उचलून धरला. भाऊ गोंधळला. “ॲपलवर तर दुसरं दुकान टाकूच देत नाहीत, अँड्रॉइडवर निदान बाहेरून ॲप घेता येतं. मग ॲपल जिंकतं आणि गूगल हरतं, हे कसं?”

ॲपलचा खटला न्यायाधीशांपुढे चालला. त्यांनी बाजारपेठ मोबाइल खेळांच्या व्यवहारांची धरली आणि तीत ॲपलची मक्तेदारी सिद्ध झाली नाही असं ठरवलं. गूगलचा सॅन फ्रान्सिस्कोत ज्यूरीपुढे चालला आणि डिसेंबर २०२३ मध्ये ज्यूरीने एकमताने गूगलविरुद्ध कौल दिला. ॲपलचं दार पहिल्यापासून बंद होतं, त्यामुळे ते बंद ठेवण्यासाठी कुणाशी करार करायची पाळीच आली नाही. गूगलने दार उघडं ठेवलं आणि मग त्यातून कुणी जाऊ नये म्हणून फोन बनवणाऱ्यांशी आणि मोठ्या खेळ कंपन्यांशी पैशांचे करार केले. ते करार पुरावा म्हणून न्यायालयात आले. शिवाय आतल्या गप्पा चोवीस तासांत आपोआप पुसल्या जातील अशी सोय ठेवली होती, त्यावरून न्यायाधीश जेम्स डोनॅटो फार चिडले होते. भावाला हे पटलं. मला मात्र वाटतं, पूर्ण बंद दार सुटतं आणि अर्धं उघडं अडकतं, ही कायद्यातली फट आहे.

त्याच खटल्यात आणखी एक गोष्ट उघड झाली. स्पॉटिफायने स्वतःचं बिलिंग वापरलं तर गूगल त्यांच्याकडून काहीच घेत नव्हतं आणि गूगलचं वापरलं तर चार टक्के. आम्ही अकरा की पंधरा याचा खल करत बसलो होतो तेव्हा. सगळ्यांना एकच नियम, हे वाक्य मी आजवर खरं धरून चालले होते.

२३ ऑगस्ट

ऑनलाइन गेमिंगच्या कायद्यावर काल राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायचे खेळ बंद, बँका आणि पेमेंट कंपन्यांनी त्यांचे व्यवहार करायचे नाहीत. ई-स्पोर्ट्स आणि साधे खेळ यांना मुभा. कर्जापायी उद्ध्वस्त झालेली घरं पाहिली आहेत, कायद्याच्या हेतूबद्दल माझी तक्रार नाही.

पण आज आमच्या वेबसाइटसाठी ज्या गेटवेकडे अर्ज केला होता, तिथून फोन आला.

“मॅडम, तुमची कॅटेगरी गेमिंग आहे. सध्या होल्डवर ठेवावं लागेल.”

“अहो, शब्दकोडी आहेत. पैसे लावायचे नाहीत, जिंकायचे नाहीत.”

“ते बरोबर आहे मॅडम, पण सिस्टीममध्ये गेमिंगच येतंय.”

एका बाजूला दुकानाचे पंधरा टक्के, दुसऱ्या बाजूला ज्याच्या जोरावर दुकानाबाहेर पडायचं तो गेटवेच दार लावून घेतोय. कायदा तीन प्रकार वेगळे करतो, मग अर्जात ते तीन रकाने का नसावेत? सीए काका म्हणाले, लेटरहेडवर लिहून देतो, दुसऱ्या गेटवेकडे टाकू.

७ ऑक्टोबर

काकांच्या पत्रावर दुसऱ्या गेटवेने मागच्या महिन्यात मंजुरी दिली. वेबसाइटवर विक्री सुरू आहे.

एपिक खटल्यातल्या आदेशाला गूगलने मागितलेली स्थगिती काल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नाकारली. आता तिथे अँड्रॉइडवरही बाहेरचा रस्ता दाखवता येईल. आयफोनवर आमचं बटण आधीच लागलं आहे: संच दुकानात ३.९९ डॉलर, आमच्या वेबसाइटवर ३.२९. बे एरियातली, न्यू जर्सीतली मराठी मंडळी बिनदिक्कत वेबसाइटवर येतात. पुष्कळजण दुकानातूनच घेतात, तेही चाललं आहे.

आज नाशिकहून एका ताईंचा मेल आला. त्यांच्याकडेही आयफोनच. अमेरिकेत फ्रीमाँटला असलेल्या बहिणीला ॲपमध्ये स्वस्त भावाचं बटण दिसतं, आपल्याला का दिसत नाही, तुम्ही इथल्या लोकांना जास्त पैसे लावता का, असं विचारलंय. रागावून लिहिलं आहे आणि राग रास्त आहे. मेलवर दुसरा भाव सांगायला ॲपलने २०२१ मध्ये मुभा दिली, म्हणून लगेच उत्तर दिलं:

‘ताई, भारतातल्या आवृत्तीत ते बटण ठेवायची आम्हाला परवानगी नाही. पण आमच्या वेबसाइटवर तुम्हालाही संच स्वस्तच मिळेल, यूपीआयने पैसे भरता येतील. खाली पत्ता देत आहे. घेताना दिलेल्या फोन नंबरनेच ॲपमध्ये लॉगिन करा, संच उघडलेला दिसेल. नाही दिसला तर मला फोन करा.’