मेथी, वॉरफरिन आणि एक इराणी जेवण

रक्त पातळ ठेवण्याची गोळी घेणारे कोणी आपल्या घरात असेल, तर त्यांच्या ताटातली हिरवी भाजी कोणी बंद केली, हे एकदा आठवून पाहा. आमच्या घरी ती मीच बंद केली होती.

माझे वडील, अण्णा, 76 वर्षांचे आहेत. हृदयाची मिट्रल झडप बदलून कृत्रिम बसवल्यापासून ते वॉरफरिन घेतात. ‘के’ जीवनसत्त्वाच्या (‘क’ नव्हे) साहाय्याने यकृत रक्त गोठवणारे घटक तयार करते. त्या कामात ही गोळी अडथळा आणते. पालेभाजीत ‘के’ भरपूर असते. आईच्या पश्चात मी स्वयंपाकघरात एक यादीच लावली : मेथी, पालक, शेपू, अळू, कोथिंबीर वर्ज्य. दोन वर्षांत अण्णांचे वजन 6 किलोंनी उतरले. थायरॉइड, साखर, छातीचा एक्स-रे, सारे पाहून झाले. दोष कोठेच सापडेना. ते जेवायला बसत, चार घास खात आणि उठत.

गेल्या वर्षी आम्ही माझ्या मुलाकडे लॉस एंजेलिसला गेलो. 1979च्या क्रांतीनंतर इराणमधून बाहेर पडलेली अनेक ज्यू कुटुंबे त्या शहरात स्थायिक झाली. पिको बुलेव्हार या रस्त्यावर अशाच एका कुटुंबाने नुकतेच कोशर उपाहारगृह उघडले होते. मुलगा आम्हांला तेथे घेऊन गेला.

प्रथम गोंदी आली : चण्याचे पीठ आणि कोंबडीचा खिमा यांचे, वेलदोडा घातलेले मऊ गोळे, हळदीच्या पिवळ्या रश्श्यात. कवळी लावणाऱ्यांना याहून सोयीचे अन्न नाही. मग केशरी भात आणि त्याच्या तळाची कुरकुरीत तहदीग. “अगं, ही तर भाताची खरपुडी!” अण्णा म्हणाले. शेवटी घोर्मे सब्जी आली. फारसीत सब्जी म्हणजे हिरवा पाला. पार्स्ली, कोथिंबीर, कांद्याची पात आणि मेथी तेलात काळपट होईपर्यंत परतून, मांस, राजमा व वाळवलेल्या लिंबांसह तासन्‌तास शिजवलेली. वाडगा टेबलावर येताच अण्णांनी डोळे मिटून वास घेतला. “मेथी,” ते म्हणाले.

माझा हात वाडग्याकडे गेला. तो बाजूला सरकवण्यासाठीच गेला होता, हे येथे कबूल करते. अण्णांनी माझ्याकडे पाहिले, आणि मी हात मागे घेतला.

त्यांनी दोनदा वाढून घेतले. मग सवयीने ताक मागितले. मालकीणबाईंनी नम्रपणे सांगितले, की मांसासोबत दुधाचा कोणताही पदार्थ येथे मिळत नाही, चहासुद्धा बिनदुधाचा. मला वाटले, अण्णा हिरमुसतील. पण ते खुलले. त्यांचे बालपण अलिबागजवळचे. शेजारी बेने इस्रायली कुटुंब होते, गावाच्या भाषेत ‘शनवार तेली’. “त्यांच्याकडेही मटणाच्या दिवशी दूधदही नसे. शनिवारी घाणा बंद,” ते सांगू लागले. शाळूसोबती इस्राएलला गेला, त्याच्या घरच्या मलिद्याची चव, असे पुष्कळ निघाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “काय गं डॉक्टरीणबाई, यांचीही काय खायचं नाही याची यादी मोठीच दिसते. पण जेवायला किती मजा येते!”

जाता जाता : कोशर मांस रक्त निघून जावे म्हणून मीठ लावून ठेवतात व नंतर धुतात. तरी त्यात थोडे मीठ उरते. रक्तदाबाच्या रुग्णांनी ते ध्यानात ठेवावे.

उरलेली सब्जी आम्ही बांधून आणली आणि अण्णांनी ती पुढचे दोन दिवस खाल्ली. चौथ्या दिवशी बोटातून थेंब घेऊन यंत्रावर आयएनआर पाहिला : 2.3. त्यांच्यासाठी ठरलेली मर्यादा 2.5 ते 3.5. म्हणजे माझी भीती निराधार नव्हती. त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना फोन केला. ते म्हणाले, भाजी बंद करायची कशाला? रोज साधारण सारखी खाऊ द्या, त्या मानाने गोळीचे प्रमाण आपण बसवू. हे मी पुस्तकात वाचलेले होते, रुग्णांना सांगितलेलेही होते. वडिलांच्या बाबतीत मात्र बंदीच सोपी वाटली.

परतल्यावर तसे केले. रोज एक लहान वाटी पालेभाजी, सुरुवातीला दर आठवड्याला आयएनआर, डोस दोनदा बदलावा लागला. आपण हे स्वतःच्या मनाने कृपया करू नका. भाजी अचानक वाढवणे आणि अचानक सोडणे, दोन्ही धोक्याचे. रक्त पातळ ठेवणाऱ्या काही नव्या गोळ्यांना हे पथ्य लागत नाही, पण कृत्रिम धातूच्या झडपेसाठी त्या चालत नाहीत. आपली गोळी कोणती, हे डॉक्टरांना विचारून घ्या.

मागचा आयएनआर 2.9 होता. वजन 2 किलोंनी वाढले आहे. स्वयंपाकाच्या मावशी सांगत होत्या, की शुक्रवारी मेथीची वाटी दोनदा भरली गेली. अण्णांना विचारले, तर त्यांनी ऐकू न आल्यासारखे केले.