दोन नद्यांच्या गावातली न्हाणी

मुलांनो, आमच्या गावाला एक सोडून दोन नद्या आहेत. जालन्याहून उत्तरेकडे पन्नासेक किलोमीटर आलात, की जाफराबाद लागतं. पुढे थोड्याच अंतरावर बुलढाणा जिल्हा, म्हणजे विदर्भ सुरू. केळना आणि धामणा या नद्या आमच्या गावाशी एकमेकींना भेटतात, मग पूर्णेला मिळतात आणि पूर्णा पुढे गोदावरीला. औरंगजेबाच्या काळात हे गाव जाफरखानाच्या जहागिरीत होतं, त्याच्यावरूनच नाव पडलं. गावाला दगडी तट होता, गढी होती. त्या वेळच्या लोकांनी संगम बघूनच जागा निवडली असणार.

आता तुम्ही म्हणाल, दोन-दोन नद्या असताना यांना पाण्याची काय काळजी? तर एकदा मे महिन्यात या. पात्रात गोटे आणि वाळू. पाऊस पडतो तो चार महिने, तोही मनात आलं तर. आणि आमच्या पायाखाली आहे काळा पाषाण, बेसाल्ट. हा खडक वाळूसारखं पाणी पीत नाही. त्याला भेगा असतील, तो झिजलेला असेल, तेवढ्याच जागेत पाणी साठतं. म्हणून एकाच्या बोअरला पाणी लागतं आणि शेजारच्याच्या बोअरमधून नुसता फुफाटा उडतो.

माझ्या लहानपणी आमच्या घरात बाथरूम नव्हती, न्हाणी होती. एक मोठी फरशी, कोपऱ्यात रांजण, त्यावर तांब्या. अंघोळीचं पाणी एका पन्हाळीतून परसात जायचं, तिथं केळी आणि अळू. आई अंघोळीला एक बादली मोजून द्यायची. दुसरी मागितली तर म्हणायची, "पाणी काय झाडाला लागतं का रे?" मला ती फार चिक्कू वाटायची, खरं सांगतो.

२०१२-१३ च्या दुष्काळात मात्र तिचा हिशेब कळला. आमचा जालना जिल्हा तेव्हा फार पोळला होता. टँकर आला की गल्लीत हंडे, ड्रम, कॅन यांची रांग लागायची. ज्या पाण्यानं तांदूळ धुतले, त्यातच भांड्यांचा पहिला हात. अंघोळ परातीत बसून, म्हणजे खाली जमलेलं पाणी संडासाला वापरता येई.

मग चांगले पाऊस झाले, घर नवीन बांधलं, गच्चीवर पाचशे लिटरची काळी टाकी आली, बाथरूमला चकचकीत टाइल्स लागल्या. आणि मी विसरलो.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्याकडे तेव्हा चार दिवसांआड पाणी यायचं. आदल्या दिवशीच टाकी भरलेली. सकाळी बाथरूममध्ये बादलीखाली नळ सोडला, तेवढ्यात फोन वाजला. बोलत बोलत अंगणात गेलो, तिथून थेट कोपऱ्यावरच्या दुकानात. परत आलो तर नळ फुस्स फुस्स करत होता. टाकी रिकामी! आई काही बोलली नाही. सत्तरी ओलांडलेली माझी आई कळशी घेऊन शेजारी गेली. मी मागून धावलो, पण तोवर तिनं कळशी कमरेवर घेतली होती. वर्गात फळ्यावर 'पाणी जपून वापरा' लिहिणारा मास्तर मी!

दुसऱ्या दिवशी मी ही गोष्ट चौथीच्या मुलांना सांगून टाकली. सगळी खो खो हसली. एका मुलीनं विचारलं, "सर, तुमचा नळ एका मिनिटात किती पाणी सोडतो?" मला उत्तर येईना. मग सगळ्यांनाच घरचा अभ्यास दिला. पंधरा लिटरची बादली, घड्याळ आणि नळ.

माझ्या घरी बादली दीड मिनिटात भरली. म्हणजे मिनिटाला दहा लिटर. दात घासताना तीन मिनिटं नळ चालू ठेवला, तर तीस लिटर गेले. तेच काम तांब्याभर पाण्यात होतं, तांब्या साधारण एक लिटरचा. आता हा आकडा बघा. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसाला दिवसाला निदान ५५ लिटर पाणी मिळावं असं ठरवलंय. त्यातले तीस नुसते दात घासण्यात!

आणखी एक हिशेब मुलांनी केला. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून, सुमारे ३४० किलोमीटरवरून, रेल्वेनं पाणी नेलं होतं. पहिल्या गाडीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर. लातूर शहराची वस्ती पावणेचार लाखांच्या वर. भागाकार केला, तर माणशी दीड लिटरसुद्धा येत नाही. वर्ग एकदम गप्प झाला.

मोजण्याचा नाद लागला की घरातल्या चोरवाटा सापडतात. संडासाच्या फ्लशच्या टाकीत पाण्यानं भरून झाकण घट्ट लावलेली लिटरभर बाटली ठेवली, की दर वेळी लिटरभर पाणी वाचतं. (बाटली आतल्या दांड्याला अडकू देऊ नका. आमची अडकली होती.) शॉवर आम्ही वापरणं सोडलं, बादली संपलेली कळते, शॉवर संपत नाही.

पण सगळ्यात मोठा चोर होता आमचा गळका नळ. सेकंदाला एक थेंब, ते काय मनावर घ्यायचं? रात्री नऊला त्याच्याखाली बादली ठेवली. पहाटे सहाला बघतो तर बादली निम्म्याहून जास्त भरलेली. म्हणजे दिवसरात्रीत वीस लिटर, माझ्या अंघोळीपेक्षा जास्त. वायसर आणला थोडक्या रुपयांत, आणि पाच मिनिटांत बसवला.

आईची मात्र खात्री पटलेली नाही. तिनं माळ्यावरची जुनी पितळी चरवी काढून त्या नळाखाली ठेवलीय. आज तीन महिने झाले, चरवी कोरडी आहे. रोज सकाळी ती आत डोकावून बघते, आणि तिथंच ठेवून देते.