मे महिन्यातले पॉइन्सेटिया

नाताळच्या सुमारास नागपूरच्या रोपवाटिकांत पॉइन्सेटियाच्या कुंड्या मांडलेल्या दिसतात. लाल रंग आहे तोवर त्यांचे कौतुक होते. फाल्गुनात पाने गळाली की रोप मेले असे समजून अनेक जण ते टाकून देतात. वस्तुतः ते विसावलेले असते. आमच्या वसतिगृहाच्या व्हरांड्यातील कुंडीने हे आम्हांला वर्षानुवर्षे दाखविले.

हे झाड मूळचे मेक्सिकोचे, एरंडाच्या कुळातले. आपण ज्याला फूल म्हणतो ती त्याची रंगलेली पाने. खरी फुले मधोमध, पिवळसर आणि इवलीशी. रंग उतरला की फांद्या वीतभर राखून छाटाव्यात, पाणी बेताने द्यावे आणि छाटताना अंगाला लागलेला चीक धुऊन टाकावा.

त्याची खरी परीक्षा मे महिन्यात. नवतपात पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि वसतिगृह ओस पडते. तरी ते पुरते रिकामे कधीच नसे. आईवडील वीटभट्टीवर किंवा तेंदूपत्त्याच्या कामावर गेले की घराला कुलूप लागे. अशी आम्ही काही मुले मागे राहत असू. ऊन चढण्यापूर्वी कुंडीला तांब्याभर पाणी घालणे आणि सावली सरकेल तशी कुंडी सरकविणे, हे काम आपोआप आमच्याकडे आले. मृगाच्या सरींनंतर त्या काटक्यांना पालवी फुटे. मग खतमाती बदलायची आणि श्रावण सरेपर्यंत शेंडे खुडायचे, म्हणजे झाड भरगच्च होते.

पुढे हवा असतो अंधार. ऑक्टोबरच्या आरंभापासून सुमारे आठ आठवडे या झाडाला रोज १४ तासांची अखंड रात्र लागते. मध्येच दिवा लागला तर रंग लांबतो. नेमक्या त्याच दिवसांत आपल्याकडे दिवे रात्रभर जळत. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेच्या स्मरणार्थ दीक्षाभूमीवर येणारे उपासक-उपासिका वर्गखोल्यांत मुक्कामाला असत. म्हणून सायंकाळी ५ वाजता कुंडीवर पुठ्ठ्याचे खोके ठेवायचे आणि सकाळी ७ वाजता काढायचे, असा नेम आम्ही वंदनेच्या नेमासारखाच पाळला. दिवसभर मात्र तिला भरपूर ऊन मिळे. डिसेंबरात शेंड्यांची पाने लाल होत आणि स्नेहसंमेलनाला आलेले पालक थांबून पाहत.

त्यांना लाल रंग दिसे; त्यामागचा मे महिना आम्हांला ठाऊक असे. आजही उन्हाळ्यात काही मुले वसतिगृहात मागे राहतात. डिसेंबरच्या मेळाव्यास आपण सारे माजी विद्यार्थी आवर्जून येतोच. एखाद्या मे महिन्यातही यावे, त्या मुलांसोबत जेवावे आणि निघताना कुंडी सावलीत आहे ना, एवढे पाहावे.