चाकावरचे घर आणि समुद्र

नागपूरच्या झिरो माइलच्या स्तंभावर हैदराबाद, चांदा, जबलपूर अशा गावांची अंतरे कोरलेली आहेत. समुद्राकाठचे एकही गाव त्यात नाही. त्यात नवल करण्यासारखेही काही नाही, कारण समुद्र आमच्यापासून कोणत्याही दिशेने लांबच. आमच्या घराण्यात तर समुद्र पाहिलेला माणूस शोधूनही सापडणार नाही. बाबा उमरेड तालुक्यातल्या खेड्यातून नागपुरात आले आणि नंदनवनात भाड्याच्या दोन खोल्यांत त्यांनी संसार मांडला. आईला नंदनवन म्हणजे इंद्राची बाग, हे मी अकरावीत गेल्यावर सांगितले. तेव्हा ती म्हणाली, "मंग इंद्राले नळ कितीले येते, ते बी विचार."

अशा घरातल्या मुलीच्या वहीच्या मागच्या पानांवर 'नागपूर ते रेडी' असा प्रवासाचा आराखडा पाहून मैत्रिणी हसल्या. त्यात पुन्हा प्रवास साधासुधा नव्हता. गाडीमागे चाकांचे घर जोडून, कोकणच्या किनाऱ्या-किनाऱ्याने, वाटेल तिथे थांबत करायचा होता. त्यांच्या हसण्याचा मला राग आला नाही. पण त्या आराखड्याचे खरे कारण मी तेव्हा त्यांना सांगितले नाही. ते आज इथे लिहिते आहे.

गेल्याच्या गेल्या वर्षी मे महिन्यात अमरावतीला नात्यातले लग्न होते. अंतर दीडशे किलोमीटर. आम्ही सकाळी सहाला निघालो आणि दुपारी मांडवात आई चक्कर येऊन पडली. "लू लागली, लू लागली," म्हणून एकच गलका झाला. कुणी कांदा आणला, कुणी पन्हे आणले. ऊन होतेच, ते खोटे नाही. परंतु आईने आदल्या रात्री नऊपासून पाण्याचा थेंब घेतलेला नव्हता, हे त्या मांडवात फक्त मला ठाऊक होते. प्रवासाला निघायचे असले की आई पाणी पीत नाही. वाटेत जावे लागले तर जायचे कुठे? हा प्रश्न ती कुणाला विचारत नाही. पाणीच प्यायचे नाही, म्हणजे प्रश्नच उरत नाही. शाळेत असताना ही सवय मलाही लागली. बाटली भरून न्यायची आणि भरलेलीच परत आणायची. या गोष्टीला नाव देणेसुद्धा आमच्या घरी लाजेचे मानले जाते.

त्याच पावसाळ्यात बाबांनी एक ट्रॉली घरी आणली. बाबा मालवाहू छोटा हत्ती चालवतात. एका मंडपवाल्याकडे त्यांचे भाडे थकले होते. त्याने पैशांऐवजी जनरेटर ओढायची जुनी दोनचाकी ट्रॉली त्यांच्या गळ्यात मारली. ती घरालगतच्या मोकळ्या प्लॉटवर उभी राहिली. एक दिवस तिच्याकडे पाहताना मला वाटले, हिला चार भिंती आणि एक छप्पर दिले तर? आणि एका कोपऱ्यात, दाराला कडी असलेले, हातभर रुंदीचे मोरीवजा खोपटे दिले तर? मग आई जगात कुठेही पाणी पिऊ शकेल. माझ्या योजनेचा उगम एवढाच. समुद्र त्यात मागाहून आला. योजनाच करायची तर आपल्या राज्यात जितके लांब जाता येईल तितके लांब जावे, असे मी ठरवले.

मग मी माहिती गोळा करू लागले. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले आहे, हे वाचून मला फार आनंद झाला. त्यात या फिरत्या घरांचे प्रकारही दिले आहेत. कुणी एका आसाचे, कुणी दोन आसांचे, कुणाला वर तंबू, तर कुणी नुसते ओढून नेण्याचे. आमची ट्रॉली एका आसाची, एवढे निश्चित झाले. मी वहीत लिहिले, 'आपले वाहन : प्रकार एक आस.'

वजनाचे गणित मात्र बाबांनी शिकवले. ओढायच्या घराचे सगळे ओझे आसाच्या आसपास असावे आणि एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या आकड्यावर यावा, असा नियम मी वाचला होता. साडेसातशे किलोच्या घराला पंचाहत्तर किलो तरी पुढे हवेत. मागे ओझे वाढले की घर रस्त्यावर साप झाल्यासारखे डुलू लागते. मी हे बाबांना मोठ्या दिमाखाने समजावून सांगत होते. ते बिडी विझवून म्हणाले, "हे तं बैलबंडीचं हाये. मांगं जड झालं का बंडी उलार होते, बैलाच्या गळ्याले फास बसते. पुढं जड झालं का मान मोडते. बंडी भरणाऱ्याले हे सांगा लागत नाही." चौथी शिकलेल्या बाबांचे ज्ञान आणि माझे पुस्तकातले ज्ञान एकाच ठिकाणी येऊन थांबले, याचे मला त्या दिवशी फार बरे वाटले. ट्रॉली मागे घेताना स्टिअरिंग उलट्या बाजूला फिरवावे लागते, हेही त्यांनी मला काडेपेटी आणि खोडरबर जोडून दाखवले.

पाण्याचाही हिशेब केला. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. शंभर लिटरची टाकी भरली की एक जाड माणूस घरात बसवल्यासारखे, आणि तो माणूस प्रत्येक वळणावर हिंदकळणारा. म्हणून टाकी थेट आसावर. स्वच्छ पाण्याची एक, वापरलेल्या पाण्याची दुसरी.

पुढे नकाशा आला. शिवमडक्यापासून समृद्धी महामार्ग धरायचा. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता ५ जून २०२५ रोजी पूर्ण खुला झाला आणि थेट भिवंडीजवळ आमण्यापर्यंत जातो. मुंबईत भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट बोटीत चढायचे. मांडव्याची ही सेवा मार्च २०२० पासून आहे. तिथून अलिबाग, रेवदंडा, मुरुड. पुढे माझे बोट नकाशावर अडले. किनारा सरळ नव्हताच. जागोजागी खाड्या आत घुसलेल्या. रेवसपासून रेडीपर्यंत सागरी महामार्ग करावा ही कल्पना बॅरिस्टर अंतुले यांच्या काळातली, म्हणजे १९८० च्या सुमाराची. पण मोठ्या खाड्यांवरचे पूल इतकी वर्षे रखडले. काहींची कामे आता हाती घेतली आहेत. तोवर माणसांनी आपली वाट काढली. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड अशा जेट्टींवरून फेरीबोटी गाड्या घेऊन खाडी ओलांडतात. यांतली दाभोळची २००३ पासून चालते. जिथे रस्ता संपतो तिथे बोट उभी असते, ही कल्पना माझ्या मनात घर करून राहिली. नागपुरात रस्ता संपला की भिंत लागते.

नकाशा पाहता पाहता आणखी एक मौज कळली. शाळेच्या भूगोलात भारताची किनारपट्टी ७,५१६ किलोमीटर होती. अलीकडे नव्याने, अधिक बारकाईने मोजली तर ती ११,०९८ किलोमीटर भरली. समुद्र वाढला नाही, की जमीन वाढली नाही. पूर्वी लांबून मोजले होते, म्हणून खाड्यांची वळणे गणतीत आली नव्हती. आईच्या बाबतीतही आम्ही असेच लांबून मोजत आलो. दीडशे किलोमीटरचा प्रवास बाबांना तीन तासांचा होता. तिला तो आदल्या रात्री नऊपासून सुरू होत असे.

असो. योजना इथवर आली आणि कागदपत्रांवर अडली. ट्रॉली झाली तरी तिची स्वतंत्र नोंदणी लागते, तिला स्वतःचा क्रमांक लागतो. आमच्या ट्रॉलीचे कागद मंडपवाल्याकडेही नव्हते. त्याने ती कुणा तिसऱ्याकडून घेतली होती. बाबांनी ओळखीच्या एजंटला विचारले. तो ट्रॉलीकडे न पाहताच हसला. शिवाय बाबांची गाडी मालवाहू. माल न्यायचा परवाना असलेल्या गाडीतून बायकापोरे घालून सहलीला जाणे कायद्यात बसत नाही. ओढत्या ट्रॉलीत तर माणूस बसवायचाच नसतो. म्हणजे माझ्या मोरीत आई चालत्या प्रवासात जाऊच शकली नसती. हे मला आधी सुचायला हवे होते. मी नुसती चित्रे काढत बसले.

त्या संध्याकाळी मी वही फेकून दिली. आईने ती उचलली. तिला फार वाचता येत नाही, पण चित्र कळले. कोपऱ्यातल्या लहान चौकोनावर बोट ठेवून तिने विचारले, "हे काय व्हय?"

मी सांगितले. कशासाठी, तेही सांगितले. अमरावतीच्या लग्नाचे नाव काढले तेव्हा तिने मान वळवली. बाबा दारात बसले होते, त्यांनी ऐकले. बराच वेळ कुणी बोलले नाही. मग आईच म्हणाली, "ते रोडवर लोहार येते पाह्य, बंडीत बिऱ्हाड घेऊन. भाते मारते. त्यायच्या बंडीत सारं राह्यते. चूल राह्यते, बाज राह्यते. हे नाई राह्यत. त्या बाया कुठी जात असन, म्या लयदा इचार केला."

गाडिया लोहारांबद्दल मी वाचले होते. चितोड पडल्यापासून घर न बांधण्याची शपथ, पिढ्यान्पिढ्यांचा बैलगाडीतला संसार, सगळे. त्यांच्या गाड्यांवरची पितळी नक्षी मी पाहिली होती. आईने पाहिले ते मी पाहिले नव्हते.

बाबा एवढेच म्हणाले, "मले काहून नाई सांगतलं?" आई म्हणाली, "तुमी गाडी थांबोली असती. मंग? झाडामांगं?" यावर बाबांजवळ उत्तर नव्हते. पंचवीस वर्षे गाडी चालवणाऱ्या माणसाला रस्त्याकाठचे प्रत्येक झाड ठाऊक होते. तो प्रश्न मात्र त्यांनी कधी ऐकला नव्हता.

दुसऱ्या आठवड्यात बाबांनी ट्रॉली भंगारात दिली. तीनशे किलो भरली. अठ्ठावीस रुपयांच्या भावाने आठ हजार चारशे आले. मला वाटले ते माझ्या भावाच्या शिकवणीत जाणार. बाबांनी ते माझ्या हातात ठेवले आणि म्हणाले, "तुव्हा तो समुद्र. आता बिना ट्रॉलीचा कर."

मी नवी वही काढली. विदर्भ एक्स्प्रेसने मुंबई, तिथून कोकण रेल्वेने रत्नागिरी. आगगाडीत आई पाणी पिते, हे तिनेच सांगितले. पुढे किनाऱ्याने एस.टी. पण एक नियम केला, एकही टप्पा दोन तासांहून मोठा नाही. आणि जिथे उतरायचे तिथल्या सोयीची आधी खात्री. रत्नागिरीहून आरे-वारेच्या वाटेने गणपतीपुळे, मग जयगड, तिथून बोटीने तवसाळ, पुढे गुहागर. रेडी राहिले. राहू दे. चाकावरचे घर गेले. त्यातला एक चौकोन तेवढा मी वाटेवर ठिकठिकाणी मांडला.

बी.ए.ला इतिहासाच्या निमित्ताने आम्ही विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास'विषयी वाचले. पेणजवळच्या वरसईचा हा ब्राह्मण १८५७ च्या धामधुमीत उत्तरेकडे भटकला आणि परतताना आईवडिलांच्या स्नानासाठी गंगेच्या पाण्याची कावड खांद्यावरून कोकणात घेऊन आला. आईसाठी इतके पाणी वाहून आणणारा मुलगा वाचताना मला माझी वही आठवली. मला काही वाहून आणायचे नाही. आईने आपली बाटली आपण प्यावी, एवढेच घडवायचे आहे.

गुहागरच्या एका घरगुती मुक्कामाच्या जागी मी फोन केला. बाबा शेजारी बसले होते. दर विचारला, जेवण विचारले. मग घसा कोरडा पडला. तरी विचारले, "संडास-बाथरूम खोलीला लागूनच आहे ना? आणि बसस्टँडवर बायकांची सोय कशी आहे?" पलीकडच्या बाईंनी अगदी सहज सगळे सांगितले. काही झाले नाही. बाबांनी फक्त पंखा मोठा केला.

सत्र परीक्षा झाल्यावर, थंडीत, जायचे ठरले आहे. त्याआधी परवाच्या रविवारी आम्ही तालीम म्हणून रामटेकला जाऊन आलो. पन्नासेक किलोमीटर, एस.टी.ने. आईजवळ मी एक लिटरची बाटली दिली होती. जाताना ती तिने मांडीवर नुसती धरून ठेवली. देवळाच्या पायऱ्या उतरल्यावर ती आणि मी विचारत विचारत एका ठिकाणी जाऊन आलो. जागा काही फार चांगली नव्हती, पण दाराला कडी होती. परतीच्या बसमध्ये मनसरच्या पुढे आईने बाटली उघडली आणि सावकाश, घोट घोट, अर्धी केली.

घरी आल्यावर तिने बाटली विसळून पालथी घातली आणि म्हणाली, "समुद्रावर जाचं हाये तं हे लहान पडन. दोन लिटरची घेजो."