कोलाडला होडी पाहताना

फज्रची नमाज आटोपून आम्ही रोह्याहून कोलाडला निघालो. मुळशी धरणाचे पाणी डोंगराखाली भिरा येथील वीजघरात येते. वीज तयार झाली की तेच पाणी कुंडलिकेत सुटते आणि शांत दिसणारी नदी खळाळू लागते. हे वीजघर १९२७ सालचे. त्याच्याच पाण्यावर आज कोलाडचे राफ्टिंग चालते.

भाच्याला कयाकचा नाद आहे. पण पाय लांब करून बसले की त्याची कंबर धरते. म्हणून जुनी कयाक घेऊन तिची कॅनू करायची, असे त्याने ठरवले. कॅनूत गुडघ्यांवर बसून एकाच पात्याचे वल्हे मारतात. सोबत आलेल्या आपाचा प्रश्न एकच होता, “उलटली तर बाहेर कसा येशील?”

काठावर दोन जुन्या क्रीक बोटी विकायला होत्या. खडकाळ, अरुंद ओढ्यांसाठी केलेली ही प्लॅस्टिकची आखूड कयाक. पोट फुगीर, टोके गोलसर; त्यामुळे पाण्याखाली गेली तरी लवकर वर येते. पहिली चकचकीत, पण अरुंद. दुसरी ओरखड्यांची, पण रुंद आणि बसायचे तोंड लांब.

अत्तहियात पढताना आपण बसतो, साधारण तशीच ही बैठक. फरक इतकाच की नमाजमध्ये थोड्या वेळात उठतो, होडीत तासभर उठता येत नाही. सारा भार टाचांवर आला तर पाय बधिर होतात. म्हणून मूळची सीट काढून घट्ट फोमचे खोगीर बसवतात, गुडघ्यांखाली गादी आणि मांड्यांवर पट्टे लावतात. खोगीर उंच केले तर पायांना आराम. पण होडी डगमगते. ती उंची पेलायला रुंदी हवी. मात्र वल्हे दुसऱ्या बाजूला पोहोचणार नाही इतकीही नको.

भाच्याने फोमचा ठोकळा ठेवून दोन्हींत बसून पाहिले. पहिलीत उठताना त्याचा बूट ठोकळ्याखाली अडकला. आपाने मान हलवली. दुसरीतून तो सहज निघाला. मग होडी पालथी करून आम्ही सीटखालचा तळ बोटांनी चाचपला. ओरखडे होते, तडा नव्हता. तीच घेतली.

खोगीर लगेच चिकटवले नाही. आधी ते मागेपुढे सरकवून होडी पाण्यावर समतल राहते का, ते पाहिले. मगच गोंद लावला.

पुढच्या खेपेला हेल्मेट, लाइफ जॅकेट घालून, प्रशिक्षकाला शेजारी उभे करून, भाच्याने संथ पाण्यात होडी मुद्दाम उलटवली. पट्टा सुटला, गुडघे निघाले, डोके वर आले. आपाने “अलहमदुलिल्लाह” म्हटले आणि डब्यातली भाकरी काढली.

“आता पुन्हा एकदा उलटव,” ती म्हणाली, “मग जेव.”