लावलेले केस, राखलेले केस

माझ्या डोक्यावर आज जे केस आहेत, त्यांतले काही लावलेले आहेत आणि बरेचसे राखलेले. लावलेले शस्त्रक्रियेने आले, राखलेले औषधाने टिकले. गावातली आणि ओळखीची पोरं मला विचारतात ते शस्त्रक्रियेबद्दल. कुठे केली, खर्च किती आला, दुखतं का. औषधाचं कुणी विचारत नाही. म्हणून हे लिहितो आहे.

मी कुरवंड्याचा. लोणावळ्याहून आयएनएस शिवाजीच्या बाजूने रस्ता आमच्या गावात येतो आणि गावाच्या पुढे नागफणीचा कडा आहे. ट्रेकला येणाऱ्यांना वर नेणं, त्यांच्या जेवणाची सोय करणं आणि घरची भातशेती, हे आमचं काम. 1661 साली मोगल सरदार कारतलबखान कुरवंडे घाटाने उतरला आणि उंबरखिंडीत कसा कोंडला गेला, हे मी कड्यावर उभा राहून लोकांना सांगतो. तिथला वारा डोक्यावर टोपी राहू देत नाही. पंचविशीच्या आतच माझ्या कपाळाचे दोन्ही कोपरे मागे सरकले आणि मग भोवऱ्याजवळही विरळ व्हायला लागलं. तेव्हापासून लोकांसमोर उभं राहणं जड जायला लागलं. ‘केसच तर आहेत,’ असं म्हणणारे पुष्कळ भेटले. पण आरशातला चेहरा आपल्या ओळखीचा राहावा असं माणसाला वाटतं, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही असं मला आजही वाटतं.

आईने माक्याचं तेल काढून दिलं, मामींनी जास्वंदीचं. डोकं थंड राहिलं, केस जात राहिले. मग पुण्यातल्या एका केंद्रात गेलो. तिथे डॉक्टर भेटलेच नाहीत. कोट घातलेल्या एका मुलाने डोक्यावर पेनाने रेघ ओढली, ग्राफ्टचा, म्हणजे लावायच्या कलमांचा, आकडा सांगितला, सवलत सांगितली आणि तारीखही दिली. औषध घ्यावं लागेल का, असं विचारल्यावर तो म्हणाला, “गरज नाही सर, लावलेले केस कायमचे असतात.” मी पैसे न भरता परत आलो.

नंतर ओळखीतून एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी भिंगाच्या कॅमेऱ्याने डोक्याचा पुढचा आणि मागचा भाग मला पडद्यावर दाखवला. मागे एकेका छिद्रातून दोन-दोन, तीन-तीन जाड केस निघालेले. पुढे जाड केसांच्या मध्ये लव झालेले बारीक केस. पुरुषी टक्कल म्हणजे काय ते मला त्या दिवशी समजलं. शरीरातल्या टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी नावाचं संप्रेरक तयार होतं. ज्यांच्या आनुवंशिकतेत टक्कल आहे, त्यांच्या पुढच्या आणि माथ्यावरच्या केसांची मुळं या डीएचटीमुळे हळूहळू आकसत जातात. आईकडून आणि वडिलांकडून, दोन्हीकडून हे येऊ शकतं. मागच्या आणि कानांवरच्या केसांवर त्याचा परिणाम सहसा होत नाही. तिथले केस काढून पुढे लावले तरी ते आपला मूळ गुण सोडत नाहीत, हे न्यूयॉर्कच्या डॉ. नॉर्मन ओरेंट्राइक यांनी 1950 च्या दशकात दाखवून दिलं. केसरोपण उभं आहे ते या गुणावर.

“लावलेले केस टिकतील,” बाई म्हणाल्या, “पण त्यांच्या मागचे तुमचे स्वतःचे केस जातच राहतील. मग पुढे झालर आणि मागे मोकळी जागा राहील. ती भरायला पुन्हा मागचेच केस काढावे लागतील, आणि ते मोजकेच आहेत.” मी शेतकरी असल्याने हे मला लगेच पटलं. भाताची रोपं कमी पडली तर पुढच्या वर्षी बी जास्त टाकता येतं. डोक्याच्या मागच्या भागात नव्याने पेरता येत नाही.

म्हणून आधी औषध सुरू झालं. फिनास्टेराइडची 1 मिलिग्रॅमची गोळी रोज आणि 5 टक्के मिनॉक्सिडिल डोक्याला. फिनास्टेराइड 1992 साली अमेरिकेत प्रोस्टेटच्या त्रासासाठी मंजूर झालं, 1997 मध्ये कमी मात्रेत टकलासाठी. ते डीएचटी तयार होणं कमी करतं. मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाची गोळी. ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढायला लागले, तेव्हा तिचा हा उपयोग लक्षात आला.

बाईंनी तोटेही सांगितले. थोड्या पुरुषांना कामेच्छा कमी होणं, लैंगिक अडचण, मन उदास होणं असा त्रास होतो. तसं वाटलं तर लपवायचं नाही, लगेच सांगायचं. हे सगळं बायकोसमोरच बोलणं झालं, ते बरं झालं. ती तेव्हा गरोदर होती. तुटलेल्या किंवा चुरा झालेल्या गोळीला तिने हात लावायचा नाही, कारण पोटातल्या मुलग्याच्या वाढीला त्याने धोका असतो. गोळी चालू असताना आणि बंद केल्यावर महिनाभर रक्तदान करायचं नाही, हेही तेव्हाच कळलं. गावच्या शिबिरात मी दरवर्षी रक्त द्यायचो. आता तिथे नावं लिहून घेतो. मिनॉक्सिडिल मांजरांना विषारी असतं, त्यामुळे ते लावल्यावर आमच्या मनीला अंथरुणावर घेत नाही.

मिनॉक्सिडिलने सुरुवातीला केस जास्तच गळले. ते होणार हे आधीच सांगितलेलं होतं, म्हणून धीर धरला. वर्षभरात गळती आटोक्यात आली, भोवऱ्याजवळ दाट झालं. कपाळाचे कोपरे मात्र भरले नाहीत. शस्त्रक्रिया आता फक्त त्यांचीच करायची होती, म्हणजे आधी वाटलं होतं त्यापेक्षा लहान. मला वाटतं, औषधाचा सर्वांत मोठा फायदा हाच झाला.

पावसाळ्यात आमच्याकडे महिनोन्‌महिने डोकं कोरडं राहत नाही, म्हणून भातकापणी आणि झोडणी उरकल्यावरची वेळ घेतली. शस्त्रक्रियेच्या आधी काही दिवस मिनॉक्सिडिल बंद केलं, गोळी चालूच ठेवली. सुन्न करायची इंजेक्शनं तेवढी टोचली, बाकी दिवसभर पडून राहणं. एकेक कलम मागून काढून पुढे बसवलं. नंतर हेल्मेट नाही, चढ नाही, घाम नाही. चुलतभावाच्या लग्नात फेटा बांधला नाही. खपल्या पडल्यावर मिनॉक्सिडिल पुन्हा सुरू झालं. महिन्याच्या आतबाहेर लावलेले बहुतेक केस गळाले. मुळं आत राहतात, केस गळतो. चौथ्या महिन्याच्या सुमारास नवे यायला लागले आणि पूर्ण रूप दिसायला वर्ष लागलं.

2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात केसरोपण करणाऱ्या 79 पुरुषांना शस्त्रक्रियेच्या 4 आठवडे आधीपासून 48 आठवडे नंतरपर्यंत फिनास्टेराइड किंवा औषध नसलेली गोळी दिली होती. फिनास्टेराइड घेणाऱ्यांत 94 टक्क्यांचे केस वाढलेले दिसले, दुसऱ्या गटात 67 टक्क्यांचे. बाईंनी हे आकडे दाखवले, तेव्हा रोजच्या गोळीचा कंटाळा गेला. औषध सोडलं तर राखलेले केस वर्षभरात जातील, हे मला माहीत आहे. दुकानातून दर महिन्याला औषध आणणं आता घरच्या किराण्यासारखं ठरलेलं आहे.

वीस-बावीस वर्षांची पोरं येतात, कर्ज काढून केस लावायचे म्हणतात. त्यांना मी सांगतो, तुझं टक्कल कुठवर जाणार हे या वयात कुणालाच कळत नाही, आधी त्वचारोगतज्ज्ञाला दाखव. शस्त्रक्रिया कुणाकडून करायची, हेही बघावं लागतं. 2019 मध्ये मुंबईत एका 43 वर्षांच्या व्यावसायिकाचा केसरोपणानंतर मृत्यू झाला होता. 2022 साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने स्पष्ट केलं, की शस्त्रक्रियेचं रीतसर शिक्षण घेतलेल्या डॉक्टरनेच केसरोपण करावं. तेव्हा हातात कलमं घेणारा माणूस कोण आहे, हे विचारायचंच. आणि त्याच्याही आधी विचारायचं, की माझे आज शाबूत असलेले केस राखायला तुम्ही काय देणार? या प्रश्नाचं नीट उत्तर जिथे मिळत नाही, तिथे पैसे भरू नयेत.