आवाज गेला कुठे?

11 फेब्रुवारी

नवा बोर्ड हातात आला. प्रोसेसरला लागतो साधारण 1 व्होल्ट, पण भर कामात 120 अँपिअर. बोर्डावर येतात 12 व्होल्ट. मधली सगळी कसरत सहा फेजच्या स्विचिंग पुरवठ्याची. प्रत्येक फेज सेकंदाला पाच लाख वेळा चालू-बंद होते, आणि बाराचा एक करायचा असल्याने वरचा मॉसफेट दर आवर्तनात जेमतेम 167 नॅनोसेकंद चालू राहतो. प्रोसेसरची काही तक्रार नाही. तक्रार होईल ती शेजाऱ्याची. ग्राहकाला हा संगणक रेडिओ रिसीव्हरच्याच रॅकमध्ये बसवायचा आहे.

प्रोबची लांब ग्राउंड वायर आधी काढली, टोकाला छोटी स्प्रिंग लावली. ती वायर स्वतःच अँटेना होते, मग बोर्डाचा विद्युत आवाज कुठला आणि आपला कुठला, काही कळत नाही. स्प्रिंग लावूनही स्विच नोडवर (दोन मॉसफेटच्या जोडावर) दर उडीनंतर थरथर दिसतेच: सुमारे 160 मेगाहर्ट्झ.

12 फेब्रुवारी

थरथरीचा हिशोब मांडला. मॉसफेटची जोडी आणि इनपुटचे सिरॅमिक कपॅसिटर यांच्या वेटोळ्यात 1 नॅनोहेन्री इंडक्टन्स धरला आणि खालच्या मॉसफेटची कपॅसिटन्स 1 नॅनोफॅरड, की उत्तर येतं 159 मेगाहर्ट्झ. स्कोपशी जुळलं. 1 नॅनोहेन्री म्हणजे तांब्याचा मिलिमीटरभर तुकडा. पण एका फेजच्या वाट्याचे 20 अँपिअर त्यातून 2 नॅनोसेकंदांत सरकले की त्याच्या दोन टोकांत 10 व्होल्ट उभे राहतात. 12 व्होल्टच्या बोर्डावर 10 व्होल्टचा धक्का, आणि तो देणारा भाग सर्किटच्या चित्रात काढलेलाच नसतो.

15 फेब्रुवारी

बाकावर जुना ट्रान्झिस्टर रेडिओ ठेवला आहे. स्पेक्ट्रम ॲनालायझर सगळं दाखवतो, पण कानाला लवकर कळतं. कार्यक्षमता तपासायला स्विचिंग 400 किलोहर्ट्झवर आणलं होतं. 792 वर पुणे आकाशवाणी लावली तर बारीक, तीक्ष्ण शीळ. दुसरा हार्मोनिक 800 वर पडतो, दोघांत फरक 8 किलोहर्ट्झ, तोच ऐकू येतो. स्विचिंग 397 केलं की हार्मोनिक 794 वर, आणि शीळ 2 किलोहर्ट्झवर उतरून बातम्यांच्या मधोमध येऊन बसली. ज्युनिअर म्हणाला, “सर, 450 करून टाकू, प्रश्न मिटला.” पुण्यापुरता मिटला. 900 वर कुठे कुणाचं केंद्र असेल, त्याचं काय?

19 फेब्रुवारी

आज अडथळा उलट्या दिशेने आला. इलेक्ट्रॉनिक लोड 495 किलोहर्ट्झने चालू-बंद करायला लावला, पुरवठा नेहमीच्या 500 वर. प्रोसेसरवर एकच काम ठरावीक तालात फिरत राहिलं, तर तोही असाच भार टाकू शकतो. आउटपुटचा व्होल्टेज ठीक, एकूण करंटही ठीक. मात्र एकेका इंडक्टरवर करंट प्रोब लावला तर एका फेजचा करंट हळूहळू चढतोय, दुसऱ्या फेजचा उतरतोय. थोड्या वेळाने उलट. वेग 5 किलोहर्ट्झ, म्हणजे पुन्हा दोन वारंवारतांतला फरकच.

सहा फेज एकमेकींपासून 60 अंशांनी सरकवून चालवतात, म्हणजे एकीच्या रिपलला दुसरी काटते आणि उरलेला रिपल 3 मेगाहर्ट्झवर जातो. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस व्हर्जिनिया टेकमध्ये फ्रेड ली यांच्या गटाने प्रोसेसरच्या पुरवठ्यासाठी ही वाट घालून दिली. पण लोडचा ताल स्विचिंगच्या जवळ आला की प्रत्येक ठोका बराच वेळ त्याच फेजच्या वाट्याला येतो. फरक अगदी कमी असेल तर करंट समान वाटणारं लूप तो सावरून घेतं. फरक मोठा असेल तर ठोके आपोआप सगळ्या फेजमध्ये वाटले जातात. त्रास मधल्या पट्ट्यात. तिथे बेरीज बरोबर राहूनही एखादा इंडक्टर संपृक्त होऊ शकतो, आणि बाहेरून व्होल्टेज मोजणाऱ्याला पत्ता लागत नाही. उपाय दोन: वाटपाचं लूप चपळ करायचं, किंवा ताल जुळतोय असं दिसताच फेजचा क्रम बदलायचा. कंट्रोलरमध्ये दुसरी सोय आहे, ती चालू केली.

22 फेब्रुवारी

स्नबर, म्हणजे थरथर शोषणारी कपॅसिटर-रझिस्टरची जोडी. स्विच नोडवर कपॅसिटर वाढवत गेलो, थरथरीची वारंवारता निम्मी झाली तिथे थांबलो: 3 नॅनोफॅरड. वारंवारता निम्मी म्हणजे एकूण कपॅसिटन्स चौपट, म्हणजे मूळची 1 नॅनोफॅरडच. रझिस्टर 1 ओहमचा निघाला. लावल्यावर थरथर दोन हेलकाव्यांत संपते. किंमत: फेजमागे सुमारे 0.22 वॉट, सहा फेजचे मिळून 1.3 वॉट. वरच्या मॉसफेटचं गेट चालवणाऱ्या बूट कपॅसिटरच्या वाटेत दोन-तीन ओहम घालूनही पाहिले. वरचा मॉसफेट सावकाश उघडतो, धक्का कमी होतो, पण मॉसफेट तापतो. दोन्ही उपायांत आवाजाची उष्णता होते. ती निदान मोजता येते आणि पंख्याने बाहेर काढता येते.

25 फेब्रुवारी

आज स्प्रेड स्पेक्ट्रम. 1994 मध्ये लेक्समार्कच्या अभियंत्यांनी घड्याळाच्या सिग्नलसाठी मांडलेली ही युक्ती आता बऱ्याच कंट्रोलरमध्ये एका बिटावर मिळते. स्विचिंग 500 वर न ठेवता 470 ते 530 मध्ये झुलवायचं. 30 मेगाहर्ट्झच्या खाली उत्सर्जन तपासणाऱ्या मानकाचा रिसीव्हर एका वेळी 9 किलोहर्ट्झचा पट्टा बघतो. 60 किलोहर्ट्झभर पसरलेल्या ऊर्जेतला सहावा भागही त्याच्या वाट्याला येत नाही. कागदावर 8 डेसिबल कमी, पडद्यावरही जवळपास तेवढंच. एकही भाग सोल्डर करावा लागला नाही. सगळे खूश.

मला मात्र हे एका कोपऱ्यातला कचरा झाडूने गल्लीभर पसरवल्यासारखं वाटतं. एकूण ऊर्जा होती तेवढीच आहे.

28 फेब्रुवारी

विज्ञान दिन. भाचीला घेऊन खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचं प्रदर्शन पाहायला गेलो. 45 मीटर व्यासाच्या तीस अँटेना, चौदा मधल्या चौकात, बाकीच्या तीन हातांवर लांब पसरलेल्या. डोंगरांचा आडोसा आणि शहरापासूनचं अंतर पाहून ही जागा निवडली. अँटेनांचे सिग्नल ऑप्टिकल फायबरवरून मध्यवर्ती इमारतीत येतात. खगोलशास्त्रज्ञ मोजतात ते जान्स्कीत: चौरस मीटरला, हर्ट्झमागे वॉटचा दहाचा उणे सव्वीसावा घात. त्याचेही हजारावे भाग.

त्यांचा एक पट्टा 125 ते 250 मेगाहर्ट्झ. माझे 159 थेट त्यात पडतात. तिथल्या एका अभियंत्याला विचारलं, स्प्रेड स्पेक्ट्रम तुम्हाला बरा की वाईट? उत्तर तयारच होतं: “एका जागी उभी रेष असेल तर आम्ही तेवढं चॅनेल टाकून देतो. पसरवलीत तर काय टाकणार?”

परतताना गाडीत हिशोब केला. 150 मेगाहर्ट्झवर माझा 300 वा हार्मोनिक असतो. 6 टक्के झुलवला तर तो दोन्ही बाजूंना 9 मेगाहर्ट्झ फिरतो, आणि शेजारचा हार्मोनिक अवघ्या अर्ध्या मेगाहर्ट्झवर. म्हणजे रेषा उरतच नाहीत, सगळा पट्टा सारखा वर उचलला जातो. मानकाचा रिसीव्हर पास करेल तोच बोर्ड दुर्बिणीला आंधळं करेल. भाची विचारत होती, मघापासून गप्प का? तिला उसाचा रस पाजला.

4 मार्च

निर्णय. या ग्राहकाच्या बोर्डात स्प्रेड स्पेक्ट्रम बंद. स्विचिंग क्रिस्टलच्या घड्याळाला बांधायचं, म्हणजे रेषा दर 500 किलोहर्ट्झला, जिथल्या तिथे, आणि मधली जागा मोकळी. कुठल्या रेषा कुठे पडतात त्याची यादी बोर्डासोबत द्यायची. स्नबर राहील, कारण थरथर म्हणजे त्या रेषांना 160 च्या आसपास आलेला फुगवटा, आणि तो स्नबरनेच खाली बसतो.

खरी कमाई लेआउटमध्ये. इनपुटचे कपॅसिटर मॉसफेटला खेटून, आणि ग्राउंडचा थर लगेच खाली. वेटोळं लहान झालं की इंडक्टन्स निम्मा, त्यात साठणारी ऊर्जाही निम्मी. ही ऊर्जा सरकवली किंवा पसरवली नाही, ती निर्माणच झाली नाही. लेआउट करणारी मुलगी म्हणाली, “सर, पण थरथर वर जाईल ना?” बरोबर: 225 मेगाहर्ट्झवर, म्हणजे अजून त्याच पट्ट्यात. म्हणून स्नबर पुन्हा मोजला. कपॅसिटर तोच, रझिस्टर 0.7 ओहमच्या आसपास.

डिझाइनच्या तक्त्यात एक रकाना वाढवला: कमी झालेला आवाज कुठे गेला. स्नबर: उष्णतेत. झुलवणं: शेजारच्या वारंवारतांत. वारंवारता बदलणं: दुसऱ्याच्या केंद्रावर. लेआउट: उरलाच नाही. यापुढे हा रकाना रिकामा असलेला उपाय रिव्ह्यूमध्ये घ्यायचा नाही, असं सगळ्यांना सांगितलं. नव्या बोर्डासाठी 0.68 ओहमचे रझिस्टर मागवले.